संशय, साक्ष आणि असन्निधान
एक उपदेशी, सारसोळे (नवी मुंबई)



श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि वरवर पाहणाऱ्यास त्या परस्परविरोधी वाटण्याचा संभव आहे. ज्ञानी पुरुषांजवळ जाऊन नम्रतेने परिप्रश्न करावा, ही एक गोष्ट. आणि ज्याचे चित्त संशयाने व्यापले त्याचा नाश होतो, ही दुसरी. एकाच अध्यायात, अवघ्या काही श्लोकांच्या अंतराने, प्रश्नाची आज्ञा आहे आणि संशयाचा निषेधही आहे. तेव्हा परिप्रश्न कोठे संपतो आणि संशय कोठे सुरू होतो, याचा विचार करणे प्राप्त आहे. केवळ पंडितांच्या विनोदासाठी हा विचार मांडलेला नाही. सारसोळे हे आगरी-कोळ्यांचे जुने खाडीकाठचे गाव. सन 1970 मध्ये सिडको स्थापन होऊन येथे नवे शहर वसू लागले आणि पुढे विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे या परिसरात राहू लागली. त्यांत काही घरे आपल्या मार्गाची आहेत. आश्रम दूर, महंतांचे दर्शन वर्षातून एखाद-दोन वेळा, आणि मुले महाविद्यालयात शिकणारी. अशाच एका उपदेशी घरातील तरुणाने मध्यंतरी विचारले, "लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत नष्ट झाली असे आपणच सांगतो. मग आज जे वाचतो ते सर्वज्ञांचेच वचन आहे, हे कशावरून?"

प्रश्न विचारणाऱ्यास दटावून गप्प करणे सोपे असते. परंतु या प्रश्नास युरोप खंडात जुना इतिहास आहे, आणि आपल्या मार्गात त्याहूनही जुना. दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप अधिक स्वच्छ होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

युरोपातील गोष्ट अशी. पिऱ्हो नावाचा एक ग्रीक तत्त्ववेत्ता अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर भारतात आला होता व येथील दिगंबर तपस्व्यांना भेटला होता, असे ग्रीक चरित्रकार डायोजेनिस लार्शिअस सांगतो. कोणत्याही गोष्टीविषयी निश्चित मत न देता चित्त शांत ठेवावे, हा त्याचा पंथ. पुढे सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याने त्या पंथाची युक्तिपद्धती ग्रंथरूपाने मांडली. त्याचा ग्रंथ पश्चिम युरोपात शतकानुशतके जवळजवळ विस्मृतीत होता. सन 1562 मध्ये आंरी एतिएन याने त्याचे लॅटिन भाषांतर छापून काढले, आणि तेथून अर्वाचीन संशयवादाचा आरंभ मानला जातो. त्याच 1562 साली फ्रान्समध्ये एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्या दोन पक्षांत युद्ध पेटले, व सन 1572 मध्ये पॅरिस नगरात एका पक्षाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. दोन्ही पक्षांजवळ निश्चय होता. संशयवादाची निंदा करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवणे न्याय्य होईल. ज्या काळी निश्चयाच्या हाती शस्त्र होते, त्या काळी काही सज्जनांना संशय हाच अहिंसेचा आधार वाटला.

त्या सज्जनांत मिशेल द माँतेन हा अग्रणी. त्याने तराजू हे आपले चिन्ह केले आणि आपणास ठाऊक आहे तरी काय, हा प्रश्न आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारला. सन 1580 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत एक अतिदीर्घ निबंध मानवी बुद्धीच्या दुर्बलतेवर आहे. इंद्रिये फसवितात, आजारी माणसास मध कडू लागतो, बुद्धी आज एक म्हणते व उद्या दुसरे. खरे-खोटे निवडण्यास काही कसोटी हवी. पण ती कसोटी खरी आहे हे ठरविण्यास दुसरी कसोटी हवी, आणि दुसरीसाठी तिसरी. अथवा पहिल्यानेच दुसरीला व दुसरीनेच पहिलीला आधार द्यावयाचा, म्हणजे चक्रात फिरणे आले. यातून सुटका नाही असे माँतेन म्हणतो. म्हणून मनुष्याने गर्व सोडावा, ईश्वर स्वतः हात देईल तेवढेच वर चढावे, आणि तोवर ज्या धर्मात आपण जन्मलो त्याच्या रूढीत स्वस्थ राहावे.

हा युक्तिवाद वाचताना आपल्यापैकी कोणासही क्षणभर असे वाटेल, की हे तर आपलेच शास्त्र बोलत आहे. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. प्रत्यक्ष, अनुमान आदी त्याची साधने प्रपंचापुरती चालतात. परमेश्वरस्वरूपाचे ज्ञान त्याला स्वसामर्थ्याने होत नाही. परमेश्वर कृपावशे अवतार स्वीकारून ज्ञान देतो तेव्हाच ते होते. हा सिद्धांत आणि माँतेनचे म्हणणे यांत भेद तो कोणता?

पूर्वार्धात साम्य आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. भेद उत्तरार्धात आहे, आणि तो फार मोठा आहे. बुद्धी दुर्बल आहे, म्हणून जेथे जन्मलो तेथेच राहावे, असा निष्कर्ष माँतेन काढतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी त्याच दुर्बलतेवरून नेमका उलट उपदेश केला. स्वदेशाचा, स्वग्रामाचा व विशेषतः आप्तसंबंधांचा त्याग साधकास विहित केला. आणि देवताभक्तीची जी रूढी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती रूढी म्हणून प्रमाण मानली नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे ओळखावे लागतात. जन्माने मिळालेली ओळख पुरत असती तर ब्रह्मविद्येचे निरूपण करण्याचे कारणच नव्हते. माँतेनचा संशय अखेरीस रूढीच्या उशीवर डोके ठेवून झोपी जातो. आजही आपल्यात असे गृहस्थ आढळतात, की परमेश्वर कोणास कळला आहे, म्हणून घरी जे चालते ते सर्व चालू द्यावे, असे म्हणतात. बोलण्यात नम्रता असते. पण तिच्या आड आळस लपलेला असतो.

या संदर्भात जात्यंध आणि हत्ती यांच्या दृष्टांताचा हल्ली जो विपरीत उपयोग केला जातो, त्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. हा दृष्टांत आपल्या दृष्टांतपाठात आहे, आणि इतर परंपरांतही आहे. कोणी पाय चाचपला, कोणी कान, कोणी शेपूट. ज्याने जे चाचपले तोच हत्ती असे तो म्हणू लागला. यावरून हल्लीचे व्याख्याते असा बोध काढतात, की सर्वच मते अर्धवट आहेत, पूर्ण कोणास ठाऊक नाही, म्हणून सर्व समान. परंतु जो हा दृष्टांत सांगतो त्यास हत्ती पूर्ण दिसला असला पाहिजे. त्याशिवाय कोणी पाय धरला व कोणी कान, हे तो सांगणार कसे? सर्वच आंधळे असते तर दृष्टांतच जन्मास आला नसता. तात्पर्य, या दृष्टांताने आंधळ्यांचे वाद मिटतात ते डोळस कोणी आहे म्हणून. संशयवादी मनुष्य हा दृष्टांत उसना घेतो, तेव्हा त्याच्याही नकळत एका डोळसाची साक्ष गृहीत धरतो.

माँतेननंतर रने देकार्त याने वेगळा मार्ग धरला. सन 1619 च्या हिवाळ्यात जर्मनीतील एका उबदार खोलीत एकटाच बसून त्याने आपल्या विचारांची पुनर्रचना करण्याचा संकल्प केला, आणि सन 1641 मध्ये त्याची चिंतने प्रसिद्ध झाली. त्याची रीत अशी, की संशयाला भिऊन पळावयाचे नाही. उलट संशयालाच कामाला लावावयाचे. ज्या ज्या गोष्टीविषयी यत्किंचित्‌ही शंका घेता येईल ती तात्पुरती खोटी मानावयाची. इंद्रिये फसवितात, ती टाकली. जागृती व स्वप्न यांत खात्रीलायक खूण सापडत नाही, म्हणून जागेपणीचे जगही टाकले. कोणी महासामर्थ्यवान फसव्या शक्तीने गणितातही आपणास फसविले असेल, म्हणून गणितही टाकले. अखेरीस इतकेच उरले, की हा सर्व संशय घेणारा मी आहे. त्यावर त्याने ईश्वराचे अस्तित्व उभे केले. ईश्वर फसवीत नाही, म्हणून स्पष्टपणे जाणलेले ते सत्य, असे जग त्याने परत मिळविले. त्यावर आर्नो नावाच्या पंडिताने त्याच वेळी आक्षेप घेतला, की स्पष्ट ज्ञान खरे हे ईश्वरावरून ठरवावयाचे आणि ईश्वर आहे हे स्पष्ट ज्ञानावरून, हे पुन्हा तेच चक्र झाले. हा आक्षेप अद्याप पुरता निवारण झाला आहे, असे म्हणवत नाही.

देकार्तच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. त्याने सर्वांत आधी जे टाकले ते दुसऱ्याचे सांगणे. लहानपणी शिक्षकांनी शिकविलेले, ग्रंथांत वाचलेले, लोकांकडून ऐकलेले सर्व बाजूस सारून तो एकटा खोलीत बसला. परंतु ज्या भाषेत तो संशय घेत होता ती त्याला कोणी दिली? मी आहे, एवढे म्हणण्यास लागणारे शब्दही दुसऱ्याच्या मुखातून आपल्या कानी आलेले असतात. आपण कोणाचे पुत्र, कोणत्या दिवशी जन्मलो, हेही आपणास केवळ साक्षीने ठाऊक असते. ज्ञानाचा फारच मोठा भाग आपणास साक्षीने मिळतो, आणि हा भाग टाकून उरलेला मी ही वस्तू फार दरिद्री असते.

म्हणून संशयवादाची खरी लढाई इंद्रियांच्या प्रांतात नसून साक्षीच्या प्रांतात आहे. आपल्या सारसोळ्याच्या तरुणाचा प्रश्नही त्याच प्रांतातला आहे.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने मानवी ज्ञानावरील आपल्या ग्रंथात, सन 1690 च्या सुमारास, या प्रश्नाची फार नेमकी मांडणी केली. इंग्लंडच्या न्यायालयातील एक नियम तो उदाहरणादाखल घेतो. मूळ दस्तऐवजाची साक्षांकित नक्कल पुराव्यात चालते. परंतु नकलेची नक्कल, ती कितीही साक्षांकित असो, चालत नाही. यावरून त्याचा सिद्धांत असा, की साक्ष जसजशी मूळापासून दूर जाते तसतशी क्षीण होते. प्रत्यक्ष पाहणारा विश्वसनीय असेल. त्याच्याकडून ऐकणारा थोडा कमी. त्याच्याकडून ऐकणारा आणखी कमी. जॉन क्रेग या गणितज्ञाने तर सन 1699 मध्ये या क्षयाचे गणितच मांडले, आणि ख्रिस्ताविषयीची साक्ष सन 3150 मध्ये शून्यवत होईल असा हिशोब केला! हे गणित वाचून हसू येते, परंतु त्यामागची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपणही असन्निधानकाळात आहोत. सर्वज्ञ आज चर्मचक्षूंस दिसत नाहीत. जे आहे ते साक्षीवर आहे, आणि त्या साक्षीस साडेसातशे वर्षे होत आली.

आता आपल्याकडील इतिहास पाहू. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या व आचार्य श्रीनागदेव तथा भटोबास यांच्या सन्निध भक्तमंडळी राहिली. तेथे सराळ्याच्या म्हाइंभटांनी लीळा संगृहीत केल्या. म्हाइंभट हे भोळेभाबडे श्रद्धाळू नव्हते. ते पंडित होते, विद्येचा अभिमान बाळगून वादाच्या आवेशाने स्वामींकडे आलेले होते. असा मनुष्य लीळा लिहावयास बसतो तेव्हा त्याची रीत पाहण्यासारखी आहे. जी लीळा ज्या भक्ताच्या समक्ष घडली, ती त्याच भक्ताकडून विचारून घ्यावयाची. दूर असेल तर तेथवर चालत जावयाचे. आणि आणलेली लीळा भटोबासांपुढे ठेवून त्यांच्याकडून शोधून घ्यावयाची. लीळाचरित्रात स्थळांची, व्यक्तींची व प्रसंगांची जी बारीक नोंद आहे, स्वामी कोणत्या देवळात उतरले, कोणी काय पुसले, कोणी काय आणून दिले, ती या रीतीचे फळ आहे. जो कल्पनेने लिहितो त्यास एवढ्या किरकोळ गोष्टींचे ओझे वाहण्याचे प्रयोजन नसते.

देकार्तने संशय घेतला आणि दार लावून घेतले. म्हाइंभटांना शंका आली की ते उठून चालू लागत. दोघेही प्रामाणिक होते, परंतु एकाच्या संशयास पाय होते.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत, ज्यास आपण खालशाची धाड म्हणतो, मूळ पोथी नष्ट झाली. ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी आपापल्या स्मरणावरून ती पुन्हा सिद्ध केली. हिराइसांचा पाठ सर्वविश्रुत आहे. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादींचे पाठही नावानिशी चालत आले. लॉकच्या दृष्टीने पाहिले तर ही नकलेचीही नक्कल नव्हे. मूळ हरवल्यावर केलेली स्मरणातील नक्कल आहे. म्हणजे न्यायालयात ती उभीच राहणार नाही.

परंतु येथे लॉकच्या सिद्धांतातील एक गृहीत तपासले पाहिजे. साक्ष एका सरळ दोरीसारखी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, आणि मध्ये कोणी तिची झडती घेत नाही, असे तो धरून चालतो. एका दोरीचे तंतू झिजतात हे खरे. पण अनेक माणसांनी एकच वस्तू स्वतंत्रपणे स्मरणात ठेवली असेल, आणि पुढे त्यांची स्मरणे एकमेकांशी ताडून पाहिली गेली असतील, तर जेथे ती जुळतात तेथे साक्ष क्षीण न होता दृढ होते. आणि जेथे जुळत नाहीत तेथे? माझ्या मते आपल्या परंपरेचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र येथेच आहे. जेथे जुळत नाहीत तेथे पूर्वजांनी भेद पुसून टाकला नाही. अमक्याचा पाठ असा, अमक्याची वासना अशी, म्हणून तो नोंदवून ठेवला. ज्यास फसवावयाचे असते तो सर्व पोथ्या एकसारख्या करून टाकतो. आपल्या पोथ्यांतील पाठभेद पाहून नवशिक्यास संकोच वाटतो. वस्तुतः त्या भेदांमुळेच अभेदावर विश्वास ठेवता येतो.

तीच दक्षता अन्यत्रही दिसते. केसोबासांनी दृष्टांतपाठ सिद्ध केला, तेव्हा सूत्र व दृष्टांत ही स्वामींची वचने आणि दार्ष्टांतिक हे आपले, ही सीमारेषा त्यांनी राखली. आपले वाक्य स्वामींच्या मुखी घालण्याचा मोह त्यांच्यासारख्या विद्वानास झाला असता तर त्याला अडविणारे कोण होते? त्याचप्रमाणे सर्वज्ञांचे वचन ती श्रुती, आचार्यांचे वचन ती स्मृती, त्यांच्या शिष्यांचे आचरण तो वृद्धाचार, अशी प्रमाणांची पायरी आपल्या मार्गाने लावून ठेवली आहे. साक्ष मूळापासून दूर जाते तसा तिचा अधिकार उतरतो, हे लॉकने सांगण्यापूर्वी तीनशेहून अधिक वर्षे आपल्याकडे व्यवहारात होते. फरक एवढाच, की त्याने त्याचा उपयोग साक्ष टाकण्याकडे केला आणि आपण तिला योग्य पायरीवर बसविण्याकडे.

येथे एक सूक्ष्म शंका उरते. ती लपविणे योग्य नव्हे. निरनिराळे पाठ जुळतात, यावरून म्हाइंभटांची मूळ पोथी कशी होती हे सिद्ध होते; परंतु म्हाइंभटांनी जे लिहिले ते जसे घडले तसेच होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. बरोबर आहे. ते दुसरे पाऊल म्हाइंभटांच्या रीतीवर, भटोबासांच्या शोधनावर आणि प्रत्यक्षदर्शी भक्तांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. त्या भक्तांनी यातून धन मिळविले नाही, मान मिळविला नाही. भिक्षा मागून, वृक्षाखाली राहून दिवस काढले. साक्षीदाराची पारख करण्याची जगात जी रीत आहे तिच्याप्रमाणे ते टिकतात. एवढ्यावर कोणी म्हणेल, की टिकतात हे ठीक, पण खात्री कोठे आहे? तर गणितासारखी खात्री नाही. ती कोणत्याही साक्षीस कधीच नसते. आपल्या जन्मतिथीसही नसते.

डेव्हिड ह्यूम याचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, कारण संशयाची सर्वांत तीक्ष्ण धार त्याच्या हाती होती. सन 1739 व 1740 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने असे दाखविले, की कालपर्यंत घडले तसेच उद्या घडेल, या समजुतीस बुद्धीचा कोणताही आधार देता येत नाही. ती केवळ सवय आहे. येथील खाडीचे उदाहरण घेऊ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशोब आहे. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कोळी बांधव या हिशोबावर होडी पाण्यात लोटतात. ह्यूम विचारील, आजवर असे झाले म्हणून उद्याही होईल हे कशावरून? चंद्राचे आकर्षण हे कारण सांगितले, तर ते आकर्षण उद्या राहील हे कशावरून? यास उत्तर नाही, हे मान्य करावे लागते. तरीही कोळी होडी लोटतो आणि ह्यूमही लोटील. त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, की या विचारांनी चित्त व्याकूळ झाले म्हणजे तो मित्रांबरोबर जेवतो, सोंगट्यांसारखा खेळ खेळतो, आणि मग ते विचार त्याला थंड व कृत्रिम वाटू लागतात.

याच ह्यूमने सन 1748 मध्ये अलौकिक घटनांच्या साक्षीवर आक्षेप घेतला. साक्ष एका पारड्यात व सृष्टीचा नित्याचा अनुभव दुसऱ्या पारड्यात घातला, तर दुसरे पारडेच जड होईल, असा त्याचा युक्तिवाद. लीळांविषयी हा युक्तिवाद आपल्या तरुणांच्या कानी कोणत्या ना कोणत्या रूपाने येतोच. यास कित्येकजण असे उत्तर देतात, की सृष्टीचा नित्य अनुभव ही केवळ सवय आहे हे ह्यूमनेच आधी सांगितले, मग त्याच सवयीचे वजन पारड्यात कसे घालतो? हे उत्तर चतुर आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. त्याने फार तर ह्यूमचे पारडे हलके होते; आपले जड होत नाही. खरे उत्तर असे, की स्वामींची परमेश्वरता आपण अद्भुताच्या वजनावर तोलत नाही. सामर्थ्य दाखविणे हे देवतांनाही शक्य आहे, असे आपलेच शास्त्र सांगते. जीवाला त्याचे बंधन कोणते व सुटका कोणती हे ज्ञान देणे, हे परमेश्वराचे लक्षण. लीळाचरित्रातील बहुतेक प्रसंग चालणे, जेवणे, बोलणे, रुसलेल्यास समजाविणे, वृद्धेची विचारपूस करणे असे आहेत. आणि त्यांतून निघालेले वचन ज्याने आचरून पाहिले त्यालाच त्याचे वजन कळते. तेथे ह्यूमचा तराजू चालत नाही, कारण आचरण करून पाहण्याची जागा त्या तराजूत नाही.

पुन्हा गीतेच्या त्या दोन वचनांकडे येऊ. गौतमाच्या न्यायशास्त्रात संशय हा सोळा पदार्थांपैकी एक आहे. त्याच्याशिवाय निर्णयाकडे जाताच येत नाही. तेव्हा संशयाचा उदय हा दोष नव्हे. आपल्या मार्गात याचे जिवंत उदाहरण म्हणजे महदाइसा. त्या सतत पुसत असत; एक उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न. स्वामींनी त्यांना जिज्ञासक म्हटले, चर्चक म्हटले. कोणत्याही संप्रदायात विचारणाऱ्या वृद्ध स्त्रीस अशी पदवी मिळाल्याचे उदाहरण विरळा. आणि त्यांनी पुसले म्हणून कित्येक वचने आपणापर्यंत पोहोचली. त्या पुसत राहिल्या आणि अनुसरल्याही. पुसणे पुरे झाल्यावर अनुसरू, असे म्हणून उंबरठ्यावर बसल्या नाहीत. माँतेन रूढीत राहिला, ह्यूम खेळाकडे वळला. त्यांच्या बुद्धीची बरोबरी करणारे आपल्यात थोडेच असतील. परंतु ज्या संशयापायी मनुष्याची दिनचर्या तसूभरही बदलत नाही, ना विचारण्यासाठी कोणाकडे जावे लागत, ना मिळालेल्या उत्तराप्रमाणे काही सोडावे लागत, त्या संशयाविषयी भगवंतांनी गीतेत जे म्हटले ते कठोर असले तरी यथार्थ आहे.

त्या तरुणास मी एवढेच सांगितले, की लीळाचरित्रातील कोणतीही एक लीळा घ्यावी, तिचे जेवढे पाठ मिळतील तेवढे समोर ठेवावे, कोठे जुळतात व कोठे भिन्न होतात ते वहीत लिहून काढावे, आणि जेथे भेदामुळे अर्थ बदलतो तेथे खूण करून महंतांच्या पुढल्या भेटीत विचारावे. त्याने एकांकातील एक लहानशी लीळा निवडली आहे. दोन पाठ मिळाले. त्यांत एका शब्दाचा फरक निघाला, आणि त्या शब्दावरून स्वामींनी तो प्रश्न स्वतः होऊन काढला की भक्ताने पुसल्यावरून उत्तर दिले, हे बदलते. मला त्याचे उत्तर देता आले नाही. ती वही घेऊन तो येत्या उपहाराच्या दिवशी आश्रमात जाणार आहे.